आबांना विचारलं नव्हतं

माझ्या विहीणबाई हॉलंडच्या. त्यांच्याशी पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं तेव्हा मी इस्त्रीची साडी नेसून, गजरा माळून, पाठीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करून बसले होते. बोलणं छान झालं. हवापाणी झालं, त्यांच्या गाई झाल्या, आमच्या म्हशी झाल्या. मग विहीणबाई हसतमुखानं म्हणाल्या, "मला जे बोलायचं होतं ते सगळं बोलून झालं. बाय!" आणि फोन बंद. मी हात जोडलेल्या अवस्थेत काळ्या पडद्याकडे बघत राहिले.

आमच्याकडे फोन असा बंद होत नाही. "ठेवू मग?" असं म्हटल्यावर आमचं खरं बोलणं सुरू होतं. समोरचा म्हणतो, "ठेवा की. जेवलायसा?" मग जेवणात काय होतं ते निघतं, त्यावरून वांग्याचे भाव निघतात, त्यावरून कुणाचं तरी लग्न निघतं, आणि तिसऱ्या-चौथ्या 'ठेवू मग'ला दोघंही एकदम हां हां करत फोन ठेवतात. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. लेकीला लगेच फोन लावला. "अगं, विहीणबाई रागावल्या का?"

"आई, त्या खूश आहेत," लेक म्हणाली. "मला मेसेज पण आलाय. तुझी आई मस्त आहे, फक्त फार मोठ्यानं बोलते."

ते 'फार मोठ्यानं' मला चांगलंच झोंबलं. आम्ही कसबा बावड्याची माणसं, एका शेतातून दुसऱ्या शेतात हाका मारत वाढलेली. त्यात मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. शेवटच्या बाकावरच्या पोरांपर्यंत सह्याद्री पोचवायचा म्हणजे आवाज लागतोच. पण खरं झोंबलं ते वेगळंच. तोंडावर बोलण्याचा मान आजवर आमचा होता. कोल्हापूरकर म्हणजे रोखठोक, पोटात काही ठेवणार नाही, हे आम्ही पुण्याच्या पाहुण्यांना ऐकवत आलो. आणि इथं हॉलंडची एक बाई पहिल्याच भेटीत, तेही हसत हसत, आमच्या वरताण निघाली होती.

तेव्हापासून मी जरा लक्ष ठेवायला लागले, की आम्ही नेमके रोखठोक कुठं असतो. तर भाजीवाल्याशी असतो. रिक्षावाल्याशी असतो. कुणी जाड झालं, काळवंडलं, टक्कल पडलं, तर रस्त्याच्या पलीकडून ओरडून सांगतो. पण 'मला वाईट वाटलं' हे वाक्य माझ्या सासरी मी कधी ऐकलेलं नाही. 'नको' हेही नाही. एखाद्याचा राग आला तर आम्ही त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगतो. हे सगळं मला कळायला लागलं ते आबांमुळे.

आबा म्हणजे माझे थोरले दीर. घरात लहानथोर सगळेच त्यांना आबा म्हणतात, मीसुद्धा. आमची दोन घरं शेजारी-शेजारी आहेत, मध्ये एकच अंगण आणि अंगणाच्या कडेला एकच गोठा. आबांना दोन मुलगे, दोघंही नोकरीला पुण्यात. मुलगी म्हणाल तर आमचीच. तिला कमरेला दोर बांधून विहिरीत पोहायला त्यांनी शिकवलं. पहाटे दूध घालायला डेअरीत जाताना एका हँडलला किटली आणि पुढच्या नळीवर ही, अशी त्यांची सायकल निघायची. लेक कॉलेजला गेली तरी परीक्षेचा निकाल आधी आबांना सांगायची, मग आम्हाला.

परदेशात शिकायला जायचं ठरलं तेव्हाही ती आबांना विचारायला गेली होती. तिकीट काढून झालं होतं, बॅगा भरून झाल्या होत्या. ती गोठ्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, जाऊ का?" आबांनी म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "जा की. कोन अडवतंय?" आणि त्या दिवशी डेअरीतल्या प्रत्येकाला सांगून आले की पुतणीला आपण परवानगी दिली.

आमच्या घरात विचारणं हे असंच असतं. आमच्या ह्यांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा इसार देऊन झाला होता, रंग ठरला होता. मग एका संध्याकाळी हे आबांकडे जाऊन बसले. चहा झाला. पाऊस कमी का जास्त ते झालं. उसाला तोड कधी मिळणार ते झालं. उठता उठता हे म्हणाले, "आबा, ट्रॅक्टरचं म्हनत हुतो. काय करूया?" आबा लांब बघत राहिले, जणू त्या क्षणापर्यंत ट्रॅक्टर ही चीजच त्यांनी ऐकली नव्हती. मग म्हणाले, "घेऊया की." वास्तविक आदल्याच दिवशी ते शोरूममध्ये जाऊन त्याच ट्रॅक्टरवर बसून आले होते. ते ह्यांना माहीत होतं, आणि ह्यांना माहीत आहे हे आबांनाही माहीत होतं. तरीही विचारायचं असतंच.

लेक हॉलंडला राहिली, नोकरीला लागली, आणि एक दिवस घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. तिच्या शेजारी एक ताडमाड पोरगा, दोघांच्या तोंडभर हसू. खाली लिहिलेलं, 'आम्ही लग्न करतोय!' आणि पुढं लाल बदाम. मला तिनं आधी पाच मिनिटं फोन करून सांगितलं होतं. मी एवढंच विचारलं, मटण खातो का? खातो म्हटल्यावर माझ्यापुरता प्रश्न मिटला. ग्रुपवर सगळ्यांनी फुलं टाकली, टाळ्या टाकल्या. आबांनी फोटो बघितल्याचं लेकीला तिकडं फोनवर दिसलं, पण त्यांच्याकडून पुढं काहीच आलं नाही. संध्याकाळी धार काढताना ते माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाले, "सांगितलं. इचारलं न्हाय."

तिथल्या नगरपालिकेत लग्न लागलं. आम्ही फोन टीव्हीला जोडून बघितलं, अक्षता टीव्हीवर टाकल्या. आबा त्या वेळी शेतात पाणी पाजायला गेले. पाणी पाजायची पाळी नव्हती. तेव्हापासून वर्ष झालं, ते लेकीशी फोनवर बोलले नाहीत. तिचा फोन आला की मी मुद्दाम स्पीकर लावून अंगणात यायची. आबा उठून गोठ्यात जायचे. पण फोन ठेवला की तिकडून आवाज यायचा, कुणाला उद्देशून ते म्हशींनाच ठाऊक, "हॉलंडात थंडी पडली म्हंतात."

आता हा राग आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत. पण आबांना कुणी विचारलं नाही की तुम्ही रागावलाय का. तसं विचारत नाहीत. मी खरवस केला की त्यांच्याकडे वाटी पाठवायची. माझी जाऊ, आम्ही तिला आक्का म्हणतो, ती वाटी धुऊन परत पाठवायची, पण रिकामी नाही. कधी लिंबं, कधी गुळाचा खडा. रिकामी वाटी परत आली असती तर मी खरंच घाबरले असते. लिंबं येत होती तोवर मी लेकीला फोनवर सांगत राहिले, निवळतंय, निवळतंय.

मग नाताळच्या सुट्टीत लेक आणि जावई पंधरा दिवसांसाठी आले.

कारखान्याचा हंगाम जोरात होता, हवेत मळीचा वास. जावयानं गाडीतून उतरताच नाक वर करून विचारलं, हा वास कसला? मी अभिमानानं म्हटलं, साखरेचा. तो म्हणाला, "फारच वाईट वास आहे." आणि मला वाकून नमस्कार केला. आमचे हे आत जाऊन हसून आले.

आबा घरात नव्हते. ते राधानगरीकडच्या एका सोयऱ्याकडे म्हैस बघायला गेले होते. त्याच दिवशी नेमकी म्हैस बघायची आठवण का झाली, हे विचारायची सोय नव्हती. दुपारी टेम्पो आला. म्हैस उतरली. आक्कानं तिच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. गल्ली गोळा झाली. "झकास हाय की, आबा!" "एक नंबर जनावर!" असं जो तो म्हणत होता. आणि जो तो बघत होता की ती मागचा डावा पाय धड टेकत नव्हती.

लेक पुढं झाली. तिनं आबांच्या पायाला हात लावला. आबा म्हणाले, "हं." आणि म्हशीचं दावं बांधायला वळले. जावयाला म्हणाले, "बसा, पावणं." बसस्टँडवर जागा मागणाऱ्या माणसालाही आम्ही हेच म्हणतो.

लेक स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून रडली. मला म्हणाली, "आई, मी जायच्या आत ते माझ्याशी बोलले नाहीत तर मी पुन्हा इथं कुठल्या तोंडानं येऊ?" मला तिचा राग आला आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदम. विचारायला काय जात होतं हिचं? दोन मिनिटांचं काम. पण तिकडं राहून तिला तिकडचं वळण लागलं होतं. ठरवलं ते सांगायचं, सांगितलं ते झालं. विचारल्यासारखं करणं म्हणजे तिला आता खोटं वाटत होतं.

मी आक्काकडे गेले. आक्का म्हणाली, "मी कानावर घालतो त्येंच्या, हळूच." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, घालते नाही, घालतो. रात्रीच्या जेवणापर्यंत आक्कानं काय घातलं आणि कुठल्या कानावर घातलं कोण जाणे, आबा जेवायला आमच्याकडे आले नाहीत. आमचे हे ताटावर बसून म्हणाले, "म्हशीचा मागचा डावा पाय गेलाय बघ."

"मग सांगा की आबांना," मी म्हटलं.

"मी? दारात म्हैस बांधून झाल्यावर? मला काय मरायचंय?"

जावई जेवता जेवता आमच्या तोंडाकडे बघत होता. त्यानं लेकीला विचारलं, "तुझे काका आपल्यावर रागावलेत का?" लेक म्हणाली, थोडेसे. "त्यांना कुणी विचारलं का?" आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. लेक म्हणाली, "असं विचारत नाहीत." तो म्हणाला, "का?" मी वर्गात हजार अवघड प्रश्नांना उत्तरं दिली असतील, पण हा 'का' भूगोलाच्या पुस्तकात नव्हता. मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारेच्या वेळेला जावई अंगणात येऊन उभा राहिला. त्याचं गाव दुधाचं, वडिलांच्या गाई, त्यामुळे गोठा बघायची त्याला फार हौस. लेक काही गोठ्याकडे यायला तयार नव्हती. म्हणून मी त्याला घेऊन गेले, दुभाषा म्हणून. मला इंग्रजी कळतं चांगलं, बोलताना मात्र प्रत्येक वाक्याआधी मनात एक उडी मारावी लागते. आत शिरताना त्याचं डोकं चौकटीला आपटलं. आबांनी धार काढता काढता मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

जावई नव्या म्हशीभोवती एक फेरी मारून आला. मग खाली बसला, बराच वेळ तिच्या पायांकडे बघितलं आणि मला म्हणाला, "हिचा मागचा डावा पाय दुखतोय. उभी राहतानासुद्धा ती भार टाकत नाही. विकत घ्यायच्या आधी हिला चालवून बघितलं नाही का? हा सौदा चुकला."

"आबा," मी म्हटलं, "जावई म्हंतायत, म्हैस देखणी हाय."

आबांचे हात थांबले. "एवढं लांबलचक बोलला त्यो, आनी तू एवढंच सांगतीस? बोट पायाकडं केलं की त्यानं. म्हशीचं देखनेपन पायात असतंय व्हय?"

मी पदर सारखा केला. आबा म्हणाले, "नीट सांग. जसंच्या तसं."

मग मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी इतक्या हळू आवाजात बोलले असेन. सौदा चुकला, हे शेवटचं तर जवळजवळ पदरालाच सांगितलं. आबांनी बादली बाजूला सारली. उठले. मला वाटलं, संपलं. पंधरा दिवस सोडा, आता जन्मभर नाही बोलत हे. आबा गोठ्याच्या दारात जाऊन आमच्या घराकडे तोंड करून गरजले, "ए! हिकडं ये!"

आमचे हे तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आले.

"काल तू म्हैस कशी हाय म्हनलास?"

"झकास," हे ब्रशच्या बाजूनं म्हणाले.

"आनी पाय?"

ह्यांनी म्हशीकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पाय... जरासा..."

"सख्खा भाऊ!" आबा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "मला काल टेम्पोतनं उतरतानाच दिसलंय. तवापास्नं वाट बघतोय कोन सांगतंय म्हनून. अख्खी गल्ली झकास झकास करून च्या पिऊन गेली. ह्यो एकटा मानूस खरं बोलला, आनी त्याचं बी ही खोटं करून सांगतीया!"

जावयाला मी सगळं भाषांतर करून सांगितलं. ह्या वेळी काही गाळलं नाही, कारण शिव्या मलाच होत्या. त्यानं विचारलं, "पण त्यांना दिसलं होतं तर परत का नाही पाठवली?" मी आबांना विचारलं.

"सोयऱ्याच्या दारातनं आनलीया," आबा म्हणाले. "त्येला आता न्हाय कसं म्हनायचं?"

जावयानं ह्यावर पुन्हा 'का' विचारलं नाही. मला वाटतं, तोही एका दिवसात बराच शिकला होता. आबांनी त्याला हातानं खूण केली, बघ म्हणून. त्यानं पाय उचलून खुराकडे बघितलं आणि मान हलवली. "मला ह्यातलं करता येत नाही. माझ्या वडिलांना आलं असतं. मी ऑफिसात बसतो. डॉक्टरला बोलवा." हे ऐकून आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आमच्या गल्लीत म्हैस आजारी पडली की सायकलच्या दुकानदारासह सगळे औषध सांगतात. आपल्याला येत नाही असं म्हणणारा माणूस आबांनी बहुधा पहिल्यांदाच बघितला.

"च्या टाक," आबा मला म्हणाले. मी उठायच्या आत आक्कानंच तिच्या घरातून चहा आणला. ती दाराआड उभी होती हे उघड होतं. आबा पोत्यावर बसले, जावयाला शेजारी बसवलं. ह्यांना बसा म्हटलं नाही, ते ब्रश घेऊन उभेच राहिले.

जावयानं एक घोट घेतला आणि माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाला, "त्यांना विचारा, तुम्ही आमच्यावर रागावलाय का?"

मी म्हटलं, "आबा, जावई इचारतात, तब्येत कशी हाय तुमची?"

आबांनी बशी खाली ठेवली. नुसतं माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून खरा प्रश्न सांगून टाकला.

गोठ्यात एक म्हैस तेवढी रवंथ करत होती. वर्षभर जे कुणी विचारलं नाही ते विचारून झालं होतं, आणि छप्पर काही कोसळलं नव्हतं.

"व्हय," आबा म्हणाले.

"का?"

"मला इचारलं न्हाय."

जावयानं विचार केला. तो विचार करायला लागला की मला भीती वाटायची, कारण त्यानंतर तो बोलायचा. तो म्हणाला, "आम्ही विचारलं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असता, तरी आम्ही लग्न केलंच असतं. मग विचारणं खोटं झालं नसतं का?"

हे मी कसं सांगायचं? धरणीनं मला पोटात घ्यावं असं वाटत होतं. पण आबा हातानं 'सांग, सांग' करत होते. सांगितलं. आबा चिडतील म्हणून मी एक पाऊल मागं सरकले. आबा चिडले नाहीत. उलट गोंधळल्यासारखे म्हणाले, "मी न्हाय म्हनलोच नसतो की."

"मग विचारायची गरज काय होती?"

आबा कपातल्या चहाकडे बघत बसले. मग ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता, "मला व्हय म्हनायचं हुतं की रं."

आक्कानं तोंडाला पदर लावला. वर्षभर आम्ही समजत होतो की ह्या माणसाला मान हवाय, मोठेपणा हवाय. त्याला फक्त होकार द्यायचा होता. ज्या पोरीला पोहायला शिकवलं, तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीला 'व्हय' म्हणायचं राहून गेलं होतं, आणि ते आता कुठं जाऊन म्हणायचं हे त्यांना कळत नव्हतं. मला आबांची इतकी माया कधी वाटली नव्हती. मी जावयाला सांगितलं, त्यात मऊ करण्यासारखं काहीच नव्हतं.

जावयानं कप खाली ठेवला, हात विजारीला पुसले आणि मला हळूच विचारलं, "विचारायची पद्धत काय असते?"

मी म्हटलं, "आधी पावसाचं विचारायचं."

"डिसेंबरमध्ये?"

"कधीही."

तो आबांकडे वळला आणि माझ्यामार्फत विचारता झाला, यंदा पाऊस कसा झाला? आबांनी क्षणभर त्याच्याकडे रोखून बघितलं. मग त्यांच्या मिशा हलल्या. काय चाललंय ते त्यांना बरोबर कळलं होतं. ते पोत्यावर नीट मांडी घालून बसले आणि जूनपासून सुरुवात केली. राधानगरीला किती पडला, धरणाचे दरवाजे कधी उघडले, नदी कुठवर आली, सगळं सांगितलं. जावई मान डोलवत होता. मग त्यानं उसाचं विचारलं. उसाचंही सविस्तर झालं. आमचे हे मधेच काहीतरी बोलायला गेले तर आबा म्हणाले, "तू गप. पावणं इचारतायत."

शेवटी जावई उठून उभा राहिला. मी कानात सांगितलेले शब्द त्यानं एकेक करून, धोंडे रचल्यासारखे मांडले. "आबा. काय. करूया?"

"कशाचं?" आबा म्हणाले, साळसूदपणे.

जावई गडबडला. त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग आमच्या घराकडे केलं, आणि कुठून शिकला होता देव जाणे, म्हणाला, "लगीन."

आबांनी लांब शेतांकडे नजर लावली. "बघतो," ते म्हणाले. "इचार करून सांगतो."

मी भाषांतर केलं आणि जावई पांढरा पडला, म्हणजे होता त्याहून. "पण कधी सांगतील? शनिवारी आम्ही गोव्याला जाणार आहोत." मला हसू आवरेना, ह्यांना ठसका लागला, आक्का दाराआड गेली. एकटे आबा हसले नाहीत. त्यांनी उरलेला चहा सावकाश संपवला, बशी पालथी घातली, मिशीवरनं हात फिरवला. वर्षभराची थकबाकी होती, ती काही ते घाईत सोडणार नव्हते.

"करूया की," ते म्हणाले. मग जावयाच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचं डोकं पुन्हा चौकटीला लागता लागता वाचलं. "कर, लेका!"

एवढ्या आरडाओरड्यानं लेक बाहेर आलेली आम्ही कुणी बघितली नव्हती. ती अंगणात शेवग्याखाली उभी होती, केस मोकळे, पायात दोन वेगवेगळ्या चपला. कधीपासून ऐकत होती माहीत नाही. आबांची नजर तिच्यावर गेली आणि ते एकदम उठून गोठ्याबाहेर गेले. तिच्यापुढं जाऊन थांबले. तिला खालून वर बघितलं आणि त्यांचा आवाज पुन्हा होता तसा झाला, गल्लीच्या त्या टोकापर्यंत जाणारा.

"काय गं ही दशा? वाळून काटकी झालीस की! खायला मिळत न्हाय व्हय त्या हॉलंडात? आनी ह्या लांबड्याला दिसत न्हाय व्हय, बायकू सुकत चाललीया ती? डोळं हायत का बटनं? उद्यापास्नं दोन्ही टायमाला दूध प्यायचं हितं माझ्याम्होरं बसून, न्हायतर तंगडं मोडीन!"

लेक ढसाढसा रडायला लागली. रडता रडता हसत होती, आणि आबा ओरडतच होते, आता केसांना तेल का नाही म्हणून.

जावई घाबरून माझ्याजवळ आला. "पुन्हा रागावले का? माझ्याकडे बोट दाखवलं त्यांनी. काय म्हणतायत?"

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी लेकच नाक पुसत त्याच्या भाषेत म्हणाली, "म्हणतायत, मला तुझी फार आठवण येत होती."

जावयानं आबांच्या अजून हवेत नाचणाऱ्या बोटाकडे बघितलं, मग संशयानं माझ्याकडे. सकाळपासून माझी भाषांतरं त्यानं पाहिली होती. "खरंच एवढंच म्हणाले?"

"शब्दाला शब्द," मी म्हटलं.